बोअरला लागली धूळ

अहो वहिनी, ऐकलंत का? समोरच्या अण्णांच्या बोअरला पाणी लागलंच नाही. ४५० फूट खाली गेले आणि वर काय आलं, तर फुफाटा! माझ्या दोरीवरच्या कपड्यांवर हा करडा थर बसलाय बघा. सगळं परत धुवायला टाकलंय. रात्री किती वाजेपर्यंत ती गाडी घरघरत होती! आमच्या फडताळातल्या कपबश्या वाजत होत्या.

पाणाड्या? आणला होता की. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो ना, तोच. नारळ उभा राहिला म्हणे नेमका तुळशीवृंदावनाच्या मागं. अण्णांनी लगेच हळदकुंकू वाहून जागा धरली. आता त्यांच्या आवारात बोअरची गाडी शिरेल अशी मोकळी जागा तेवढी एकच, हे त्या नारळालाही दिसलंच असणार म्हणा.

आमच्या धाकटीनं दिवाळीतच सांगितलं होतं. अण्णांनी आपणहून विचारलं तिला, थट्टेतच, "काय गं, तू जमिनीचं शिकतेस ना, मग सांग बघू पाणी कुठं आहे?" ही म्हणाली, "काका, आधी तुमची जुनी विहीर उघडा." ती विहीर म्हणजे तुम्हाला माहितेय ना, वर फरशी टाकून मोगऱ्याच्या कुंड्या ठेवल्यात ती. कुंड्या हलवल्या, फरशी सरकवली आणि आमची ही बाई नवा पंजाबी ड्रेस घालून पालथी झोपली काठावर, हातात बॅटरी! अण्णांच्या सूनबाई गच्चीवरून फोटो काढत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण काय बघितलं ते मला नंतर नीट सांगितलं तिनं. विहिरीला वरून काळी माती, मग मुरूम. त्याखाली जाळीचा मऊ खडक, पांढरे ठिपके असलेला, आपले विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. आणि त्याच्याखाली एकसंध काळा पाषाण, कुठं भेग नाही. जे काही पाणी आहे ते मुरूम आणि मांजऱ्यात. पाषाणात पाणी राहायला जागाच नसते, भेगा नि सांधे असले तरच त्यातून वाहतं. मी म्हटलं, अगं पण त्याच्याही खाली गेलं तर? तर म्हणाली, खाली पुन्हा दुसरा थर येतो, त्याच्याही डोक्यावर जाळीचा खडक असतो. आपण धिरडं घालतो तेव्हा वरून कशी जाळी पडते आणि तव्याकडची बाजू घट्ट होते? तसंच लाव्हाचं. वायूचे बुडबुडे वर येतात, म्हणून वरचा भाग भोकाभोकांचा, खालचा गच्च. असे थरावर थर. पण खालच्या जाळीपर्यंत पाणी झिरपून पोचायला वाट तर हवी! नशिबानं लागलं तर लागलं. त्यापेक्षा विहिरीतला गाळ काढा आणि गच्चीचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडा, असं तिनं सांगितलं. अण्णा हसले. "विहिरीचा जमाना गेला, पोरी."

आता बोअरवाल्याचं बिल बघून हसत नाहीयेत. फुटाला पैसे घेतो तो, पाण्याला नाही.

तर सांगत काय होते, पोरगी जिऑलॉजीला गेली तेव्हा काय काय ऐकून घेतलंय आम्ही! बारावीला मार्क चांगले होते तिला. वन्सं म्हणाल्या, "जिऑलॉजी म्हणजे भूगोलच ना? मग मास्तरीण तरी होईल." ह्यांच्या ऑफिसातले एक जण म्हणाले, दगडं फोडायला पुण्याला कशाला पाठवता, आपल्या खाणीवर रोजगार मिळेल. आणि वहिनी, राग मानू नका, तुम्हीसुद्धा त्या वेळी ह्याच कुंपणापाशी "कुठंच नंबर लागला नाही का?" असं विचारलं होतंत. हो हो, विचारलं होतंत. माझ्या हातात तेव्हा कढीपत्ता होता, मला चांगलं आठवतंय.

तिला नंबर लागत होता इंजिनिअरिंगला. हिनंच नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणे, आगाशिवाच्या डोंगरावर लेणी बघायला शाळेची सहल गेली होती, तेव्हा बाईंना विचारलं होतं की डोंगराला अशा आडव्या पायऱ्या का दिसतात. बाई म्हणाल्या, रांगेत चल. झालं, तेव्हापासून डोक्यात बसलेलं! पोरांच्या मनात काय कुठं रुजून बसतं, आपल्याला पत्ता लागत नाही.

पहिल्या वर्षी मलाही वाटलं, हिला काही वेगळंच झालंय. सुट्टीला आली तर परसातला दगड उचलून चाटला हो! चाटला! सासूबाई देवपूजा सोडून उठल्या. ही शांतपणे म्हणते, ओला केला की दाणे नीट दिसतात, पाणी जवळ नव्हतं. एकदा तर नदीकाठची माती चिमूटभर दाताखाली धरली. दाताखाली करकरली तर गाळवट, नुसती लोण्यासारखी वाटली तर चिकणमाती. असं त्यांचे सरसुद्धा करतात म्हणे. मी म्हटलं, तुझे सर करू देत, तू आमच्या गल्लीत करू नकोस.

पण एक मजा सांगते. बाटली असते तिच्याकडं, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची, ड्रॉपरची. घरात रांगोळीच्या दोन पुड्या होत्या, एक मंडईतली आणि एक यात्रेतली. दोन्हींवर एकेक थेंब टाकला. एक फसफसली, दुसरी ढिम्म. फसफसली ती संगमरवराची किंवा कॅल्साईटची पूड, ढिम्म बसली ती गारगोटीची. मग काय, घरभर थेंब टाकत सुटली. देव्हाऱ्याचा संगमरवर फसफसला म्हणून सासूबाईंचा पुन्हा आरडाओरडा. पण त्यातून मला कळलं की देव्हाऱ्यावर लिंबू का सांडू द्यायचं नाही. ते पांढरट डाग मी इतकी वर्षं घासत होते, ते डाग नव्हतेच, आंबटानं दगडच खाल्ला होता.

आणि आमच्या ओट्याचं ऐकलंत? ह्यांनी केवढा मोठेपणा मिरवत काळा ग्रॅनाईट बसवला. धाकटीनं भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, बाबा, हा ग्रॅनाईट नाहीच. गॅब्रो नाहीतर डोलेराइट. दुकानात ज्याला पॉलिश चढतं आणि जो संगमरवर नाही, त्याला सरसकट ग्रॅनाईट म्हणून विकतात. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं, असू दे, पोळ्या त्याच्यावरही लाटता येतात.

अभ्यास सोपा नाही हो मात्र. लोकांना वाटतं दगड गोळा करायचे नि नावं पाठ करायची. तेही आहेच. शंखजिरं एक नंबरला आणि हिरा दहाला, अशी कठीणपणाची उतरंड असते. नखानं ओरखडा उठतो का, काचेवर उठतो का, बघत बसायचं. स्फटिकांचे लाकडी ठोकळे हातात देतात, ते फिरवून फिरवून बाजू मोजायच्या. पण त्यात गणित आहे, रसायन आहे, भौतिक आहे. दगडाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर करायची, म्हणजे आरपार उजेड जातो, आणि मग ती ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. आपल्या खडीच्या खाणीतल्या दगडाचा फोटो तिनं पाठवला होता मला मोबाईलवर. बाहेरून काळाठिक्कर आणि आत काय, राखाडी-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या नि मध्ये निळे-पिवळे-जांभळे दाणे! मी आधी म्हटलं, कुणाच्या साडीचं कापड आहे गं? थांबा, दाखवते तुम्हाला, चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक.

फिरतीचं तर विचारू नका. हातोडा, भिंग, कंपास, टोपोशीट आणि डायरी घेऊन उन्हात. त्याला फील्ड म्हणतात. आणि गंमत अशी, पुण्याच्या पोरांना घाटातल्या काळ्या दगडाशिवाय दुसरं काही दिसत नाही, म्हणून बदामी-बागलकोटकडं नेतात वाळूचे नि चुन्याचे खडक दाखवायला, आणि शंखशिंपल्यांचे जीवाश्म बघायला पार तमिळनाडूत अरियलूरला. आणि जगातले लोक इकडं आपल्या घाटात येतात! महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन ह्या एकाच काळ्या दगडाची. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक सगळं धरून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलाय तो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला, घाटाकडं तर दोनेक किलोमीटर जाडीचा. डायनासोर मेले ते त्या वेळचेच. मेक्सिकोत पडलेल्या अशनीनं मेले की आपल्या लाव्हाच्या वाफांनी, ह्यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चाललीत. भाऊबंदकीचे खटले परवडले.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरत होतो, वन्संच्या मुलाच्या साखरपुड्याला. वळणांनी माझा जीव अर्धा झालेला, पिशवी तोंडाशी धरलेली, आणि ही म्हणते गाडी थांबवा! उतरून दरडीपाशी गेली. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा होता, हातभर रुंदीचा. त्याला बोल म्हणतात. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला की वरच्या दगडाची माती झाली, झिजून, पावसानं. मग दुसरा लाव्हा आला आणि ती माती खाली भाजून निघाली. मी दगडावर बसून आलेपाक चघळत ऐकत होते. म्हणाली, आई, तू आत्ता ज्या थरावर बसलीस त्याचं नावच आंबेनळी आहे. खालचा पोलादपूर, वरचा महाबळेश्वर. १९८० च्या दशकात परदेशी शास्त्रज्ञांनी ह्या दगडांची रासायनिक तपासणी करून थरांची अशी नावं पाडली, आता जगभरच्या पुस्तकांत तीच आहेत. साखरपुड्याला आम्ही पोचलो तेव्हा पुरी-भाजी गार झाली होती. वन्सं अजून बोलून दाखवतात.

सासूबाईंचं मन मात्र तिनं वेगळ्याच गोष्टीवरून जिंकलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. तुम्ही तेव्हा इथं नव्हता ना? तुमचं माहेर सांगोल्याकडचं, तिकडंही जाणवला असेलच म्हणा. सासूबाई नवी नवरी होत्या. पहाटे मांडणीवरची सगळी भांडी खाली. सासऱ्यांनी अंथरुणासकट सगळ्यांना अंगणात काढलं, आणि पुढं कित्येक रात्री गल्लीतली कुणी माणसं घरात झोपली नाहीत, थंडीत शेकोट्या करून बाहेर. कोयनानगरची घरं तर भुईसपाट झाली, दीडशेहून जास्त माणसं गेली. सासूबाईंचं तेव्हापासूनचं ठाम मत, धरण बांधलं आणि पृथ्वीला राग आला.

धाकटीनं हसण्यावारी नाही नेलं. म्हणाली, आजी, धरणाचं तू बोलतेस ते खरंच आहे. राग वगैरे नाही, पण खाली खडकात भेग आधीपासून होती, ताण होता. धरणात पाणी साठायला लागलं, त्याचं वजन आलं आणि पाणी भेगांतून खाली मुरून तिथला दाब वाढला, तेव्हा आधीच सरकायच्या बेतात असलेला खडक सरकला. पाणी साठायला लागल्यापासून बारीक धक्के सुरू झालेच होते. धरणामुळं चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांचं जगातलं हे सगळ्यात अभ्यासलेलं ठिकाण आहे म्हणे, डॉक्टर हर्ष गुप्तांसारख्या माणसानं आयुष्य घातलं त्यात. सासूबाईंची छाती दोन इंच फुगली. इतकी वर्षं त्या सांगत होत्या आणि ऐकत कोण होतं!

आणि अण्णांच्या बोअरचं कसलं कौतुक करताय, कोयनेच्या बाजूला गोठण्याला सरकारनं ३ किलोमीटर खोल बोअर घेतलीय! पाण्यासाठी नाही हो, भूकंप कुठं शिजतो ते जवळून बघायला. आपल्या हजारमाचीला आहे ना ते भूविज्ञानाचं केंद्र, त्यांचं काम. धाकटीची अख्खी तुकडी आली होती बघायला, सगळ्यांना मी झुणका-भाकर घातली. सव्वा किलोमीटरपर्यंत नुसता काळा दगड लागला आणि मग एकदम ग्रॅनाईटसारखा जुना खडक. दोन्हींच्या मध्ये काही नाही, नदीची वाळू नाही, माती नाही. सासूबाईंनी विचारलं, मग आता पुढचा कधी होणार ते कळेल? तर ती म्हणाली, नाही आजी, तारीख-वार कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगणारा भेटला तर त्याला चहा देऊन वाटेला लाव. मला हे आवडलं. ज्योतिषी असता तर मुहूर्त काढून दिला असता.

लग्नाचं? हो, तेच तुमच्या पोटात होतं कधीपासूनचं, मला ठाऊक आहे. एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं विचारलं, "म्हणजे ही खाणीत जाणार?" ही म्हणाली, गरज पडली तर जाईन. आता खाणीचं असं होतं वहिनी, १९५२ च्या कायद्यानं बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदीच होती. २०१९ मध्ये कुठं सूट मिळाली, तीही दिवसाउजेडी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, आणि तांत्रिक नाहीतर देखरेखीच्या कामाला. म्हणजे इतकी वर्षं मुली शिकत होत्या, पास होत होत्या आणि खाणीच्या तोंडाशी त्यांना थांबवत होते. सुदीप्ता सेनगुप्ता नावाच्या कलकत्त्याच्या बाई, भूवैज्ञानिक, त्या आणि आपल्या नागपूरच्या अदिती पंत, समुद्राच्या अभ्यासक, दोघी १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, भारताच्या तिथल्या मोहिमेतल्या पहिल्या बायका. तिथं चाललं आणि चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणीत चालत नव्हतं! त्या स्थळाचं पुढं काय झालं? त्यांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. बरंच झालं, मुलाला डोंगर चढताना धाप लागते असं त्यांच्याच शेजारणीकडून कळलं मला.

नोकरीचं खरं सांगू का? इथं तोंडभरून बोलण्यात अर्थ नाही. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही हाती लागत नाही. एमएस्सी करावंच लागतं. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, १८५१ पासूनचं खातं आहे ते, त्याची परीक्षा यूपीएससी घेते. भूजल मंडळ आहे, आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. पण जागा थोड्या, जाहिराती निघता निघत नाहीत, पोरं वर्षानुवर्षं पुण्यात खोल्या घेऊन बसलीत. नागपूर-भंडाऱ्याकडं मँगनीजच्या नि कोळशाच्या खाणी आहेत. आणि हल्ली बोगदे. मेट्रो, रस्ते, धरणं, सगळीकडं खाली काय आहे ते आधी बघावं लागतं.

सुट्टीत ती एका बोगद्याच्या कामावर गेली होती शिकायला. खडकातून लांब दांड्या काढतात गोल गोल आणि लाकडी पेट्यांत ओळीनं मांडतात. हिनं दिवसभर काय करायचं, तर टेप घेऊन १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे किती आहेत ते मोजायचं. त्यांची बेरीज भागिले एकूण लांबी, त्यावरून खडक किती धड ते ठरतं. कंटाळवाणं काम, मान आखडली. पण तिथले मुकादम तिला म्हणाले, "मॅडम, तुम्ही धड म्हणालात तर आम्ही आत जाणार." त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. जेवली का विचारलं तर विषयच बदलला. मला वाटतं तेव्हा तिला पहिल्यांदा आपण काय शिकतोय त्याची भीती वाटली असावी, आणि मला विचाराल तर तशी भीती वाटलेली बरी. २०२१ च्या जुलैत आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला, माणसं झोपेत गेली. असं झालं की मग सगळे विचारतात, कुणी आधी बघितलं कसं नाही? बघणारी माणसं ठेवायचीच नाहीत, मग बघणार कोण? तालुक्याला एक भूवैज्ञानिक नको? देवळाला कमान बांधायला पैसे आहेत.

जाऊ दे, माझा आवाज चढला. गॅसवर दूध आहे का तुमच्या? नाही ना? मग थांबा. तुमच्या बंटीचं काय म्हणत होतात? त्याला घ्यायचंय जिऑलॉजी? गणित नको म्हणून? अहो, मग नका घालू त्याला तिथं! गणित आहेच म्हटलं ना मघाशी. आणि नऊला उठतो तो. हे लोक उजाडायच्या आत निघतात, ऊन चढायच्या आत डोंगर करायला. खरंच मनापासून असेल तर मात्र अडवू नका. त्याला म्हणावं येत्या रविवारी आगाशिवाला चालत जा, गाडी नाही न्यायची. वरपर्यंत जाताना दगड कुठं कुठं बदलला ते वहीत लिहून काढ, जमलं तर चित्र काढ. धाकटी पुढच्या आठवड्यात येतेय, ती तपासेल आणि तोंडावर सांगेल, ती काही भीडभाड ठेवणारी नाही. दगड मात्र उचलून आणू नको म्हणावं, आमच्या जिन्याखाली तीन पोती आधीच आहेत आणि झाडूवाली बाई नोटीस देऊन बसलीय. चढण्याचं काही अवघड नाही जायचं त्याला, आमच्या पेरूवर कसा सरसर चढतो ते मी रोज स्वयंपाकघरातून बघतेच आहे.